शाळा अंगणात नेणाऱ्या ताराबाई मोडक

शिक्षणाचा विचार आपण बहुधा पहिलीच्या वर्गापासून सुरू करतो. मुलाच्या मेंदूचे आकारमान मात्र सहाव्या वर्षापर्यंतच प्रौढाच्या सुमारे ९० टक्के झालेले असते. सकस आहार, मायेचा स्पर्श, बोलणे आणि खेळ यांतून त्याची जडणघडण होते. सततची भीती आणि उपेक्षा यांचे व्रण पुढे मनाच्या आरोग्यावर उमटू शकतात. मेंदूविज्ञानाने हे उलगडण्याआधीच ज्यांनी या वयासाठी आयुष्य वेचले, त्या ताराबाई मोडक यांचे स्मरण आम्ही येथे करीत आहोत.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत, प्रार्थना समाजाच्या संस्कारांत वाढलेल्या केळकर कुटुंबात झाला. १९१४ मध्ये त्या पदवीधर झाल्या. राजकोट येथील प्राचार्यपद सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालशिक्षणकार्यात सामील झाल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला.

मारिया माँटेसरी यांची पद्धत त्यांना पटली होती. पण तिची महागडी साधने गरिबाच्या मुलापर्यंत पोहोचणारी नव्हती. म्हणून १९४५ मध्ये त्यांनी बोर्डी या खेड्यात काम सुरू केले. दलित वस्तीतील मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. शिंपले, बिया, खडे, पाने हीच साधने झाली. मुलांना न्हाऊ घालणे हाही शिक्षणाचाच भाग ठरला. या कार्यात अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या.

१९५७ मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर, वारली मुलांमध्ये गेले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरली. धाकट्या भावंडाला सांभाळणाऱ्या मुलीलाही शिकता यावे, म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकत्र आणणारी विकासवाडी आकाराला आली. १९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. १९७३ मध्ये त्यांचे निधन झाले. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतून अंगणवाडी देशभर पोहोचली.

आपला कवठे महांकाळ तालुका दुष्काळाशी झुंजणारा. पोटासाठी गाव सोडावे लागले, की आईबापांच्या पाठोपाठ तान्ही मुलेही रानोमाळ जातात. वसतिगृहाचे दार मोठ्या मुलांना आधार देते. पण त्याआधीची सहा वर्षे कोणाच्या भरवशावर? माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना आमची विनंती आहे : आपल्या वस्तीवरच्या अंगणवाडीत अधूनमधून जावे, मुलांना गोष्ट सांगावी आणि कोणते मूल आले नाही, ते विचारावे. न आलेल्या मुलाच्या शोधातच ताराबाईंची शाळा घडत गेली.