ज्याच्या गाड्या विकायच्याच नव्हत्या!

व्हिंटेज कार रॅलीला गेलात की तुम्ही काय करता? मोबाइल काढता, गाडीसमोर उभं राहता, वरून खाली कॅमेरा धरता आणि क्लिक! घरी येऊन बघता तर गाडीचं नाक फुगलेलं, चाकं बारकी आणि चकचकीत बंपरमध्ये तुमचाच टी-शर्ट. पुढच्या वेळी एक करा. दहा पावलं मागे जा, थोडं झूम करा, गुडघ्यावर बसा आणि कॅमेरा हेडलाइटच्या उंचीवर आणा. मग गाडीच्या अंगावरून पुढून मागे धावणारी उजेडाची एक रेघ दिसेल. ती रेघ आपोआप येत नाही, कुणीतरी ती डोकं लावून घडवलेली असते. अमेरिकन गाड्यांमध्ये हा उद्योग ज्याने सुरू केला, त्या बाबाचं नाव हार्ली अर्ल.

जन्म 1893चा, लॉस एंजेलिसमधला. वडील घोडागाड्या बनवायचे, पुढे 1908मध्ये त्यांनी मोटारींच्या बॉडी बनवायला घेतल्या. स्टॅनफर्डमधलं शिक्षण अर्धवट सोडून हार्ली वडिलांच्या वर्कशॉपमध्ये घुसला. शेजारी हॉलिवूड वाढत होतं, त्यामुळे गिऱ्हाईकंही तशीच. काउबॉय हिरो टॉम मिक्स याच्यासाठी त्याने गाडीवर चक्क घोड्याचं खोगीर बसवून दिलं. (आपल्याकडचे मॉडिफिकेशनवाले उगाच बदनाम आहेत.)

पण त्याची खरी करामत मातीत होती. तेव्हा बाकीचे कारागीर लाकूड कापून आणि पत्रा ठोकून नमुने बनवायचे. अर्ल मॉडेलिंग क्लेमध्ये अख्खी गाडी घडवायचा. माती काढता येते, लावता येते, वळण पटलं नाही तर पुसून परत करता येतं. कॅडिलॅकचे प्रमुख लॉरेन्स फिशर यांनी हे पाहिलं आणि त्याला डेट्रॉईटला बोलावलं. 1927मध्ये त्याची ला साल आली. तिचं रूप त्याने बरंचसं हिस्पानो-सुइझा या युरोपियन गाडीवरून उचललं होतं, हेही सांगायला हवं. पण गाडी चालली. जनरल मोटर्सचे अध्यक्ष आल्फ्रेड स्लोन यांनी त्याच वर्षी त्याच्यासाठी ‘आर्ट अँड कलर’ नावाचा नवा विभाग काढला.

इंजिनीअर मंडळींना हे काही झेपलं नाही. गाडी म्हणजे इंजिन, हा कोण रंगारी? 1929च्या ब्युकमध्ये त्यांनी अर्लच्या रेषा परस्पर बदलल्या, बाजूचा पत्रा बाहेर आला आणि लोक तिला गरोदर ब्युक म्हणायला लागले. गाडी आपटली. अर्ल भयंकर चिडला, पण शिकलाही. पुढे कारखान्यात शेवटचा शब्द आपला राहील याची त्याने पक्की तजवीज केली. 1940मध्ये तो कंपनीचा उपाध्यक्ष झाला. डिझायनरला एवढी मोठी खुर्ची तोवर मिळाली नव्हती.

आता आपल्या मुद्द्याची गाडी. 1938ची ब्युक वाय-जॉब. ही विकण्यासाठी बनवलीच नव्हती. उद्याची गाडी कशी असेल, ते लोकांना दाखवायचं आणि त्यांच्या चेहऱ्यांवरून अंदाज घ्यायचा, एवढंच तिचं काम. झाकले जाणारे हेडलाइट, बटणावर खाली-वर होणाऱ्या काचा, आपोआप मिटणारा टप, हे सगळं 1938 साली! आज ज्याला आपण कॉन्सेप्ट कार म्हणतो, तिची सुरुवात बहुतेक जण इथून धरतात. अर्ल स्वतः ती रोजच्या वापरात चालवायचा. साहेब सव्वासहा फुटांच्या आसपास उंच आणि गाडी जमिनीला टेकलेली. लांब आणि बुटकी, याच दोन गोष्टींचं त्याला आयुष्यभर वेड होतं.

महायुद्धाच्या काळात त्याने आपल्या माणसांना लॉकहीड पी-38 हे लढाऊ विमान लांबून दाखवायला नेलं. त्या दुहेरी शेपटीतून 1948च्या कॅडिलॅकचे छोटेसे फिन आले. मग ते वाढतच गेले. हिंदी सिनेमातली शेवरले इम्पाला आठवते? तिच्या 1959च्या मॉडेलचे मागचे पंख हा त्याच वेडाचा शेवटचा टप्पा. मुंबईशी नातं तर त्याहून जुनं आहे. जनरल मोटर्सने 1928मध्येच शिवडीला गाड्या जोडायचा कारखाना काढला होता.

1949 ते 1961 या काळात कंपनीने मोटोरामा नावाचे शो भरवले. ऑर्केस्ट्रा, नाच आणि मध्ये फिरत्या मंचावर स्वप्नातल्या गाड्या. 1951ची ल सेबर पावसाचा थेंब पडला की स्वतःच टप चढवायची. फायरबर्ड वन म्हणजे तर चाकं लावलेलं जेट, आत खरोखरचं गॅस टर्बाइन. आणि जानेवारी 1953मध्ये न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ अ‍ॅस्टोरिया हॉटेलात मांडलेली पांढरी कॉर्व्हेट लोकांना इतकी आवडली, की जूनअखेर तिचं उत्पादन सुरू झालं. पहिल्या वर्षी फक्त 300, सगळ्या पांढऱ्या.

इथे थोडं थांबू या. दरवर्षी रूप बदला म्हणजे गेल्या वर्षीची गाडी जुनी वाटेल आणि गिऱ्हाईक परत येईल, हा स्लोन-अर्ल जोडीचा धंद्याचा हिशेब होता. दरवर्षी नवा फोन घ्यावासा वाटतो ना, तो किडा याच कुळातला. माणूस म्हणूनही अर्ल सोपा नव्हता. हाताखालचे त्याला टरकून असायचे. तो स्वतः फारसं रेखाटन करायचा नाही. आपण ‘अर्लची गाडी’ म्हणतो तेव्हा त्यामागचे कित्येक हात बिननावाचे राहतात. त्याच वेळी 1950च्या दशकात त्याने स्टुडिओत महिला डिझायनरही घेतल्या, हे त्या काळातल्या डेट्रॉईटसाठी मोठंच होतं.

1958च्या शेवटी तो निवृत्त झाला. जुन्या शो-कारचं काय करायचं? तुकडे करून भंगारात! 1955-56च्या चार गाड्या, ज्यांच्यासमोर लोकांनी तोबा गर्दी केली होती, त्या डेट्रॉईटजवळच्या एका भंगारवाल्याकडे पाठवल्या गेल्या. त्याने त्या पूर्ण नष्ट केल्याच नाहीत. 1969मध्ये फ्लोरिडात अर्ल वारला, तेव्हाही त्या आवारातच पडून होत्या. 1980च्या दशकाच्या अखेरीस एका संग्राहकाने त्या विकत घेतल्या, कापलेले तुकडे जुळवायला वर्षानुवर्षं घालवली आणि त्यातली हिरवट शेवरले बिस्केन पुन्हा प्रदर्शनात उभी राहिली. तिचे फोटो शोधून बघा. कडेने जाणारी ती उजेडाची रेघ कुठे तुटली होती, ते ओळखता येत नाही.