अभयाचे दार : सावित्रीबाई फुले

महाभारतातील कर्णाची कथा आपल्या घराघरांत ठाऊक आहे. कुमारी कुंतीने लोकापवादाच्या भयाने आपले नुकतेच जन्मलेले मूल पेटीत घालून नदीत सोडले. अधिरथ सूताची पत्नी राधा हिने ते उचलून पोटच्या पुत्राप्रमाणे वाढविले, आणि कर्णास राधेय हे नाव कायमचे लाभले. ही कथा ऐकताना आपण कर्णाच्या दैवाविषयी हळहळतो, राधेस धन्य म्हणतो. परंतु कुंतीच्या भयाचा विचार फारसा करीत नाही. त्या घटकेस तिला अभय देणारे एखादे दार उघडे असते, तर पेटीची गरजच पडली नसती. एकोणिसाव्या शतकात पुणे शहरी असे एक दार उघडले गेले. ते उघडणाऱ्या दांपत्यापैकी सावित्रीबाई फुले यांचे चरित्र आम्ही या अंकी वाचकांस सादर करीत आहोत. मुलींच्या शिक्षिका म्हणून त्यांचे नाव सर्वतोमुखी आहे. निराधार बालकांच्या व त्यांच्या मातांच्या कैवारी म्हणून त्यांनी जे केले, त्याकडे मात्र आपले लक्ष त्या मानाने कमी गेले आहे.

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे झाला. वडील खंडोजी नेवसे हे गावचे पाटील. त्या काळच्या रीतीप्रमाणे १८४० साली, नवव्या वर्षी, त्यांचा विवाह पुण्याच्या जोतीराव गोविंदराव फुले यांच्याशी झाला. जोतीराव तेव्हा तेरा वर्षांचे होते.

ज्या घरात सावित्रीबाई सून म्हणून आल्या, त्या घराचा एक विशेष येथे सांगितला पाहिजे. जोतीरावांची आई चिमणाबाई ही ते अगदी तान्हे असतानाच निवर्तली होती. त्यांना लहानाचे मोठे केले ते नात्यातील सगुणाबाई क्षीरसागर या बालविधवेने. सगुणाबाई एका ख्रिस्ती मिशनऱ्याच्या घरी अनाथ मुलांचा सांभाळ करण्याचे काम करीत असत. दुसऱ्याच्या लेकरास माया कशी लावावी, हे त्या घरास कोणी पुस्तकातून शिकविले नव्हते. घराचा कर्ता मुलगाच तशा मायेवर वाढला होता. जोतीरावांनी पुढे सगुणाबाईंस आणि सावित्रीबाईंस लिहावयास वाचावयास शिकविले. सासू म्हणून जिच्याकडे पाहावे, तिच्याच शेजारी बसून सावित्रीबाईंनी अक्षरे गिरविली.

१८४८ साली पुण्याच्या बुधवार पेठेत भिडे यांच्या वाड्यात मुलींची शाळा निघाली आणि सतरा वर्षांच्या सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या. शाळेत जाताना त्यांच्या अंगावर शेण व चिखल टाकला जाई, म्हणून त्या सोबत दुसरे लुगडे नेत, ही हकीकत सर्वांस ठाऊक आहे. १८४९ साली या कामापायी पतिपत्नींस घर सोडावे लागले आणि उस्मान शेख यांनी त्यांना आसरा दिला. निराधार होणे म्हणजे काय, हे सावित्रीबाईंनी अशा रीतीने वयाच्या अठराव्या वर्षीच अनुभवले.

आता आपल्या विषयाच्या मुख्य भागाकडे वळू. त्या काळी मुलींची लग्ने आठव्या नवव्या वर्षी होत. पती वारला की ब्राह्मणादी जातींत त्या पोरीचे केशवपन होई, आणि उरलेला जन्म तिने सोवळ्यात, दुसऱ्याच्या चुलीपुढे काढावयाचा असे. १८५६ साली विधवाविवाहाचा कायदा झाला. परंतु कायद्याने समाजाचे मन पालटले नाही. अशा स्त्रीस घरातील वा ओळखीतील एखाद्या पुरुषाच्या दुर्वर्तनामुळे दिवस गेले, तर पुरुषास कोणी विचारीत नसे. तिच्यापुढे मात्र तीनच वाटा उरत : विषारी औषध घेऊन गर्भ पाडावा, जन्मलेले मूल नाहीसे करावे, किंवा विहीर जवळ करावी.

१८६३ च्या सुमारास असा एक प्रसंग फुले दांपत्याच्या परिचयातच घडला. जोतीरावांचे स्नेही गोवंडे यांच्या घरी काशीबाई नावाची एक ब्राह्मण विधवा स्वयंपाकास होती. एका शास्त्र्याच्या नादाने तिला दिवस गेले, आणि त्याने पुढे हात झटकले. मूल जन्मल्यावर भयाने तिने त्यास मारून विहिरीत टाकले. खटला झाला आणि तिला जन्मठेप होऊन अंदमानास पाठविण्यात आले. एका जिवाचा अंत झाला, दुसरा जीव समुद्रापार गेला, आणि तिसरा मनुष्य पुण्यातच सुखाने राहिला. या घटनेने जोतीराव व सावित्रीबाई यांच्या मनास जो धक्का बसला, त्यातून त्यांनी आपल्या राहत्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले.

हे गृह म्हणजे मोठी इमारत नव्हे, की सरकारी संस्था नव्हे. पुण्याच्या गंज पेठेतील त्यांचे राहते घर हेच ते गृह. आडवाटेस गेलेल्या वा नेल्या गेलेल्या विधवांनी येथे यावे, गुप्तपणे बाळंत व्हावे, मूल न्यावयाचे तर न्यावे, ठेवावयाचे तर ठेवावे, अशा आशयाची पत्रके त्यांनी भिंतींवर लावली. जोतीरावांनी योजना केली व टीका अंगावर घेतली. परंतु बाळंतिणीची शुश्रूषा आणि तान्ह्यांचे संगोपन हा सारा भार सावित्रीबाईंवर होता. त्यांना स्वतःस मूलबाळ नव्हते. ज्या स्त्रीस आपल्या समाजाने वांझ म्हणून मंगलकार्यातून मागे सारले असते, तिच्याच मांडीवर अनेकींची लेकरे पहिला श्वास घेत होती.

या कामाचा हिशेब जोतीरावांनी १८८४ साली लिहून ठेवला आहे, आणि तो वाचताना मन विषण्ण होते. तोपर्यंत पस्तीस गरोदर विधवा या घरी येऊन बाळंत झाल्या होत्या. त्यांच्या मुलांपैकी पाच जगली; तीस दगावली. कारणही त्यांनी नोंदविले आहे. लाज झाकण्यासाठी त्या स्त्रियांनी येथे येण्यापूर्वीच विषारी औषधे घेतली होती, आणि त्यांनी पोटातील जिवास इजा झाली होती.

वाचकांनी या आकड्यांपाशी क्षणभर थांबावे. कोणी म्हणेल की एवढे कष्ट करून पाचच वाचली, मग यश ते काय? आम्हांस वाटते की या आकड्यांतच सावित्रीबाईंच्या कार्याचे मर्म आहे. ती तीस बालके जन्मल्यानंतरच्या हेळसांडीने गेली नाहीत. ती जन्मापूर्वीच, लोक काय म्हणतील या भयाने मारली गेली होती. मूल वाचवावयाचे तर आधी त्याच्या आईस अभय द्यावे लागते, आणि ते वेळेवर द्यावे लागते, हा धडा त्या घराने एकवीस वर्षांत तीस वेळा दुःख सोसून शिकला. तरीही दार बंद झाले नाही. पुढे १८७५ साली पंढरपूर क्षेत्री लालशंकर उमियाशंकर यांनी अशाच टाकून दिलेल्या मुलांसाठी बालकाश्रम काढला. विठ्ठलाच्या यात्रेच्या गावीच त्याची गरज भासावी, हे आपण भाविकांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

गृहात आलेल्या स्त्रियांत काशीबाई याच नावाची दुसरी एक ब्राह्मण विधवा होती. १८७४ च्या सुमारास तिला मुलगा झाला. तो सावित्रीबाई व जोतीराव यांनी दत्तक घेतला व त्याचे नाव यशवंत ठेवले.

आम्ही उपाध्यायाच्या घरात वाढलो असल्यामुळे दत्तविधानाचा विधी आम्हांस परिचित आहे. दत्तक घेताना कुळ पाहतात, गोत्र पाहतात, शक्य तो भाऊबंदांतीलच मुलगा निवडतात. वंश खुंटू नये, पितरांस पिंडोदक मिळावे, मालमत्ता घरातच राहावी, हे त्यामागील हेतू असतात. हे हेतू वाईट आहेत असे आमचे म्हणणे नाही. परंतु त्यांत मुलाचे हित दुय्यम असते, ही गोष्ट खरी. सावित्रीबाईंनी यशवंतास घेतले ते कुळास मुलगा हवा होता म्हणून नव्हे, तर मुलास कूळ हवे होते म्हणून. पित्याचे नाव ज्यास सांगता येत नव्हते, त्यास त्यांनी आपले नाव दिले, शिकविले आणि डॉक्टर केले. १८८७ साली जोतीरावांनी मृत्युपत्र नोंदवून त्यास वारस नेमले.

१८७६ व १८७७ ही वर्षे दख्खनच्या भयंकर दुष्काळाची. माणसे गावे सोडून चालली, गुरे मेली, आणि वाटेवर मुले आईबापांपासून तुटली. सावित्रीबाई त्या वेळी जुन्नर भागात फिरून सत्यशोधक समाजाच्या मदतकार्यात होत्या. पुण्याजवळ धनकवडी येथे उपाशी मुलांसाठी बालाश्रम काढण्यात आला व तेथे मुलांना जेवण मिळू लागले. पूर्वी एकेका मुलास मांडीवर घेणाऱ्या हातांवर आता पंगतींची जबाबदारी पडली होती.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव वारले. अंत्ययात्रेपुढे टिटवे कोणी धरावयाचे, हा प्रश्न उभा राहिला. टिटवे धरणारा तो वारस, अशी समजूत. म्हणून भाऊबंदांनी यशवंताच्या अधिकारास हरकत घेतली. दत्तक, आणि तोही असा, हे त्यांना रुचले नाही. तेव्हा सावित्रीबाई पुढे झाल्या आणि त्यांनी स्वतः टिटवे हाती धरले. स्त्रीने हे करावे, ही त्या काळी कल्पनेबाहेरची गोष्ट होती. पतिनिधनाच्या दुःखातही त्यांनी भांडण वाढविले नाही, आणि आपल्या मुलाचा अवमान करणाऱ्यांच्या हाती तो मानही जाऊ दिला नाही. परक्याचे मूल घरी आणणे ही एक गोष्ट. चार लोकांत त्याच्या पाठीशी उभे राहणे ही त्याहून अवघड. त्यांनी दोन्ही केल्या.

पतीच्या मागे त्यांनी सत्यशोधक समाजाचे काम पुढे चालविले आणि १८९३ साली सासवड येथील परिषदेचे अध्यक्षपद भूषविले. १८९७ च्या आरंभी पुण्यात प्लेगने कहर मांडला. लोक घरे सोडून रानात पळाले. रोग्यांजवळ जाण्यास आप्तही धजत नव्हते. डॉक्टर यशवंत यांनी हडपसरजवळ ससाणे यांच्या मळ्यात दवाखाना उघडला आणि सावित्रीबाई तेथे रोग्यांची सेवा करू लागल्या. मुंढवा येथील गावकुसाबाहेरच्या वस्तीत एका मुलास प्लेग झाल्याचे त्यांना कळले. सहासष्ट वर्षांच्या सावित्रीबाईंनी त्यास पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. त्यातच त्यांना रोगाची बाधा झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे देहावसान झाले. ज्यास समाज नाकारीत होता, तो मुलगा दवाखाना चालवीत होता. आणि ज्यास कोणी शिवत नव्हते, तो मुलगा तिच्या पाठीवर होता. त्यांच्या आयुष्याचा शेवट त्यांच्या आयुष्यासारखाच झाला.

सत्यशोधक समाजाची धर्मविधींविषयीची मते देवळाशी बांधलेल्या आमच्यासारख्यांस सर्वस्वी मान्य होतील असे नाही, व तसे भासविण्याची आवश्यकताही नाही. परंतु मतभेदामुळे सेवेचे मोल कमी होत नाही. शरणागतास अभय देणे हा आपल्या धर्माने थोर मानलेला आचार. तो त्यांनी आपल्या ओसरीवर आचरून दाखविला.

त्यांच्यानंतर कायदे पुष्कळ पुढे आले. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने मुलगीही दत्तक घेता येऊ लागली आणि दत्तक मुलास औरस मुलाचे हक्क मिळाले. २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे ज्या मातेस मूल वाढविणे शक्य नाही, ती ते बाल कल्याण समितीच्या स्वाधीन करू शकते. तिचे नाव गुप्त राहते आणि फेरविचारास दोन महिन्यांचा अवधी मिळतो. दत्तक न घेताही निराधार मुलाचा काही काळ आपल्या कुटुंबात सांभाळ करण्याची सोय त्याच कायद्यात आहे. संकटातील मुलासाठी १०९८ हा दूरध्वनी क्रमांक आहे. तो प्रत्येक घरी लिहून ठेवावा, अशी आमची सभासद कुटुंबांस विनंती आहे.

परंतु टिटव्याच्या वेळी जो प्रश्न उठला, तो कायद्याने मिटत नाही. तो हळदीकुंकवात उठतो, मुंजीत उठतो, देवळाच्या पंगतीत उठतो. एखाद्या घरी वाढत असलेल्या मुलास पाहून हे कोणाचे, कोठून आणले, गोत्र कोणते, असे सहज विचारले जाते, आणि त्या मुलाच्या व त्यास सांभाळणाऱ्यांच्या काळजास घर पडते. अशी मुले व अशी कुटुंबे आपल्या मंडळात येतील तेव्हा त्यांस प्रसाद पुढे करावा, पाटावर बसवावे, आणि मूल ज्यांच्या हातास धरून आले त्यांचेच ते, एवढे जाणून स्वस्थ राहावे. एखादी भयभीत मुलगी कोणाच्या उंबऱ्याशी आली, तर तिला प्रथम आत घ्यावे. विचारपूस मागाहून होईल. त्या तीस लेकरांचे आपल्यावर एवढे ऋण आहे.