वर्ध्याच्या गवतातली घोळ गांधीजींच्या ताटात कशी आली?

सावदा म्हटलं की केळी आठवते. जळगाव जिल्ह्याच्या रावेर तालुक्यातलं हे गाव, उत्तरेला सातपुडा आणि चहूबाजूंनी बागा. पण चार पाऊस पडले की याच बागांच्या बांधावर कुणी न पेरलेली भाजीही उगवते. घोळ, तांदुळजा, टाकळा, कुर्डू. निंदणीत ती उपटून फेकली जाते आणि घरातली एखादी म्हातारी त्यातलीच मूठभर वेचून चुलीवर ठेवते.

सावद्याच्या शेजारी फैजपूर आहे. डिसेंबर १९३६ मध्ये तिथं काँग्रेसचं अधिवेशन भरलं आणि त्यासाठी महात्मा गांधी खानदेशात आले. त्यांचा चरखा सगळ्यांना माहीत आहे, उपासही माहीत आहेत. पण आपण ज्याला तण म्हणून फेकतो, तो पाला हा माणूस त्याआधीच ताटात घेऊन बसला होता, हे फारसं कुणाला माहीत नसतं.

ही गोष्ट समजून घ्यायची तर थोडं मागं जावं लागतं.

२ ऑक्टोबर १८६९ रोजी पोरबंदरला जन्मलेले मोहनदास गांधी १८८८ साली बॅरिस्टर व्हायला लंडनला गेले. मांस खाणार नाही, असा शब्द त्यांनी आईला दिला होता. पण लंडनमध्ये शाकाहारी माणसानं खायचं काय? उकडलेल्या बेचव भाज्या आणि पाव. पोट भरेना. शेवटी वणवण करताना फॅरिंग्डन स्ट्रीटवर एक शाकाहारी खानावळ सापडली. तिथंच त्यांनी हेन्री सॉल्ट यांचं शाकाहारावरचं पुस्तक विकत घेतलं. तोवर आईच्या शब्दासाठी पाळलेली गोष्ट आता त्यांना स्वतःला पटली. पुढं ते लंडनच्या शाकाहारी मंडळाच्या कार्यकारिणीतही गेले.

तेव्हापासून स्वतःच्या पोटावर प्रयोग करायची जी सवय लागली, ती शेवटपर्यंत सुटली नाही.

हे प्रयोग नेहमी जमायचेच असं नाही. १८९३ साली दक्षिण आफ्रिकेत त्यांनी न शिजवलेलं अन्न खाऊन पाहिलं आणि सोडून दिलं. १९१५ साली हरिद्वारच्या कुंभमेळ्यात त्यांनी दिवसभरात पाचच पदार्थ खायचं आणि अंधार पडल्यावर काही खायचं नाही, असं व्रत घेतलं. ते टिकलं. १९२९ साली कच्च्या, भिजवलेल्या धान्याचा प्रयोग पुन्हा केला. यावेळी आव लागली आणि तब्येत ढासळली. प्रयोग फसला, हे त्यांनी आपल्या साप्ताहिकात लिहून सगळ्यांना कळवलं. ज्यांनी त्यांचं पाहून तसं खायला सुरुवात केली होती, त्यांना सावध करणं गरजेचं होतं.

आता वर्ध्याला येऊ.

१९३४ साली मुंबईच्या अधिवेशनानंतर गांधीजी काँग्रेसच्या सदस्यत्वातून बाहेर पडले. त्याच डिसेंबरात वर्ध्याला अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. कामाची धुरा अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा यांच्याकडे होती. जमनालाल बजाज यांनी त्यासाठी आपली बाग आणि बंगला दिला. त्या जागेला नाव पडलं मगनवाडी.

संघाचं काम गावातले बुडालेले धंदे उभे करायचं. पण गांधीजींनी सुरुवात खाण्यापासून केली. कारण सरळ होतं. गिरणीतून पांढराशुभ्र तांदूळ येऊ लागला, त्यामुळं कांडपाची मजुरी गेली आणि तांदळावरचा पौष्टिक कोंडाही गेला. कितीतरी गावांत लोकांच्या ताटात भाकरी किंवा भात, डाळ आणि भरपूर मिरची, एवढंच होतं. दूध परवडत नव्हतं. फळं तर लांबच राहिली. मग गरिबाला पैसे न लागता पोषण मिळणार कुठून?

दिल्लीत एका नावाजलेल्या डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं की दुधातून जे मिळतं, त्यातलं बरंचसं हिरव्या पाल्यातूनही मिळू शकतं. गांधीजींनी ते मनावर घेतलं. जवळपास पाच महिने ते न शिजवलेल्या अन्नावर राहिले आणि शिजवलेल्या भाजीऐवजी कच्चा पाला खाऊ लागले.

पण एक गोष्ट त्यांना खटकत होती. हा थोडासा पाला वर्ध्याच्या बाजारातून विकत यायचा. गरिबाला फुकटचं पोषण सांगायचं आणि स्वतः मात्र बाजारावर अवलंबून राहायचं, हे काही बरोबर नव्हतं.

एके दिवशी सकाळी आश्रमातले छोटेलालजी एक पाला घेऊन आले. आश्रमाच्याच गवतात तो आपोआप उगवला होता. गुजरातीत त्याला लूणी म्हणतात, मराठीत घोळ. गांधीजींनी खाल्ला आणि त्यांना मानवला. पुढं छोटेलालजींनी चाकवत आणला. तोही मानवला.

लगेच ‘हरिजन’मध्ये लिहून देशभर सांगता आलं असतं. तसं त्यांनी केलं नाही. आपल्याला मानवलं म्हणून हजारो लोकांना रानातला पाला खायला सांगणं धोक्याचं होतं. नाव गावागणिक बदलतं आणि दिसायला सारखी झाडं कितीतरी असतात. म्हणून आधी त्यांनी ही झाडं वनस्पतीशास्त्राच्या जाणकारांकडून ओळखून घेतली आणि त्यानंतरच वाचकांना सांगितली. पाला नीट, अनेकदा धुवून घ्यायचा आणि कच्चा खायचा तर थोडाच खायचा, हेही बजावलं. मोहरी, शेपू, मुळा, गाजर यांच्या पाल्याचीही त्यांनी शिफारस केली.

मगनवाडीच्या पंगतीत बसणाऱ्या पाहुण्यांची मात्र परीक्षा असायची. कडुनिंबाच्या पाल्याची चटणी ताटात यायची. मोठ्या पुढाऱ्यांनाही त्यातून सुटका नव्हती.

याच विषयात रमलेला आणखी एक माणूस तेव्हा अमेरिकेत होता. मराठी वाचक ज्याला ‘एक होता कार्व्हर’ या पुस्तकामुळं ओळखतात, तो जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर. दोघांमध्ये आहाराविषयी पत्रव्यवहार झाला होता. दुसऱ्या महायुद्धात अन्नाची टंचाई जाणवू लागली, तेव्हा १९४२ साली कार्व्हरनं खाण्याजोग्या रानभाज्यांवर एक पुस्तिकाच काढली.

एप्रिल १९३६ मध्ये गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावात राहायला गेले. तेच पुढचं सेवाग्राम. त्याच वर्षाच्या शेवटी आलं फैजपूर. काँग्रेसचं अधिवेशन खेड्यात भरण्याची ही पहिलीच वेळ. अध्यक्ष होते जवाहरलाल नेहरू. धनाजी नाना चौधरींसारख्या स्थानिक कार्यकर्त्यांनी तयारीत स्वतःला झोकून दिलं, साने गुरुजी त्यासाठी खानदेशात फिरले. अधिवेशनाची जागा सजवली शांतिनिकेतनच्या नंदलाल बोस यांनी, तीही बांबू आणि गावात मिळणाऱ्या साध्यासुध्या वस्तू वापरून. २५ डिसेंबरला खादी आणि ग्रामोद्योगाच्या प्रदर्शनाचं उद्घाटन गांधीजींनी केलं. वर्ध्याच्या गवतात जे सापडलं, तोच विचार इथं मोठ्या आकारात उभा होता. आधी आपल्या आजूबाजूला काय आहे ते बघायचं आणि मग बाजारात जायचं.

१९४२ च्या ‘चले जाव’ आंदोलनात त्यांना पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेत ठेवलं. १५ ऑगस्टला तिथंच महादेवभाई देसाई गेले. त्यानंतर दोनच आठवड्यांत गांधीजींनी आरोग्यावरचं छोटं पुस्तक गुजरातीत लिहायला घेतलं. रोजच्या जेवणात पालेभाजी हवी आणि काही भाजी कच्ची हवी, हे त्यातही होतं. ३० जानेवारी १९४८ रोजी त्यांची हत्या झाली, तोवर त्यांचं जेवण असंच साधं राहिलं.

यात एक गोष्ट विसरून चालणार नाही. घोळ आणि चाकवत गांधीजींनी शोधून काढले नाहीत. गावच्या बायकांना ते पिढ्यान् पिढ्या माहीत होते. सातपुड्याच्या पायथ्याची तडवी, पावरा, भिल कुटुंबं तर याहून कितीतरी जास्त भाज्या ओळखतात. आणि त्यांची शिजवायची पद्धत पोटाला जास्त सोसते. घोळ डाळ घालून शिजवतात, चाकवत ताकात आणि बेसनात. या दोन्ही भाज्यांत ऑक्झलेट बरंच असतं. त्यामुळं मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच खाव्यात.

आता पावसाळ्यात कृषी विभागाचे रानभाजी महोत्सव भरतात. व्हॉट्सअॅपवर रानभाज्यांचे फोटो फिरतात. कौतुक वाढलं, पण ओळखणारी माणसं कमी होत चालली आहेत. फोटो बघून पाला तोडायला गेलं तर गफलत होऊ शकते. उदाहरण घोळीचंच घ्या. तिचं देठ गुळगुळीत, तांबूस आणि रसाळ असतं, पानं जाडसर, फूल पिवळं. देठ मोडलं की पाण्यासारखा रस येतो. तशीच जमिनीवर पसरणारी दुधी नावाची वनस्पती असते. तिचं देठ मोडलं की पांढरा चीक येतो. ती खायची नाही.

तेव्हा येत्या पावसाळ्यात बांधावर घोळ दिसली तर आधी देठ मोडून बघा. मग गावातल्या एखाद्या जाणत्या आजीला दाखवा. तिनं मान हलवली, की मगच घरी न्या.