सेनापति वॉशिंग्टन

व्हर्जीनियांत १७३२ सालीं जन्मलेल्या जॉर्ज वॉशिंग्टन ह्यांनीं अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धांत आठ वर्षें सेनापतित्व केलें. वेतन घेतलें नाहीं; खर्चाचा मात्र चोख हिशेब ठेविला. १७८३ मध्यें न्यूबर्गच्या छावणींत थकलेल्या पगारासाठीं कांहीं अधिकारी लोकप्रतिनिधींच्या काँग्रेसला धाक घालूं पाहत होते. तक्रार खरी होती. मार्ग खोटा होता. १५ मार्चच्या सभेंत वॉशिंग्टन अनपेक्षितपणें आले. त्यांच्या भाषणानेंही मनें पुरतीं वळेनात. मग एक पत्र वाचतांना ते अडखळले व त्यांनीं खिशांतून चष्मा काढिला. सेनापतींस चष्मा लागतो, हें थोड्यांनाच ठाऊक होतें. देशसेवेंत मंदावलेली ती दृष्टि पाहून कित्येकांचे डोळे भरून आले. बेत तेथेंच मोडला. २३ डिसेंबरला अनापोलिस येथें काँग्रेसपुढें उभे राहून त्यांनीं आपली सनद परत केली, व नाताळच्या आदल्या दिवशीं ते घरीं पोंचले.