न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसमधून बाहेर आलात, तर रस्त्यापलीकडे अंजुमन-ए-इस्लामची देखणी दगडी इमारत तुम्हांला दिसेल. ही संस्था १८७४ साली ज्यांनी स्थापन केली, त्यांत बद्रुद्दीन तय्यबजी प्रमुख होते. आज मात्र आपण त्यांना भेटणार आहोत ते न्यायाधीशाच्या खुर्चीवर.

बद्रुद्दीन यांचा जन्म १० ऑक्टोबर १८४४ रोजी मुंबईत झाला. वडील व्यापारी होते. लहानपणी ते मदरशात उर्दू व फारसी शिकले. सोळाव्या वर्षी त्यांना विलायतेला पाठवण्यात आले. तेथे डोळे इतके बिघडले, की अभ्यास अर्धवट टाकून त्यांना घरी यावे लागले. दुसरा कोणी असता, तर वडिलांच्या पेढीवर बसला असता! बद्रुद्दीन वर्षभराने परत गेले आणि १८६७ साली बॅरिस्टर होऊनच आले. मुंबई हायकोर्टात वकिली करणारे ते पहिले भारतीय बॅरिस्टर. १८८७ साली मद्रासच्या काँग्रेस अधिवेशनाचे ते अध्यक्ष झाले आणि १८९५ साली हायकोर्टाचे न्यायाधीश.

दोनच वर्षांनी त्यांची कसोटी लागली. १८९७ साली पुण्यात प्लेगची साथ होती. प्लेगच्या बंदोबस्तावरील अधिकारी रँड याच्यावर जून महिन्यात गोळी झाडली गेली. सरकार खवळले. ‘केसरी’तील लेखनाबद्दल लोकमान्य टिळकांना २७ जुलैला राजद्रोहाच्या आरोपावरून अटक झाली.

जामीन म्हणजे काय, हे तुम्हांला ठाऊक आहे ना? निकाल लागेपर्यंत आरोपी हा गुन्हेगार ठरत नाही. कोर्टात वेळेवर हजर राहण्याची हमी घेऊन त्याला तोवर मोकळे ठेवता येते. टिळकांना मॅजिस्ट्रेटने जामीन नाकारला. हायकोर्टाच्या दोन न्यायाधीशांनीही नाकारला, आणि त्यांत न्यायमूर्ती रानडे होते! मग टिळकांचे वकील दावर यांनी तय्यबजींपुढे अर्ज केला.

विचार करा, तय्यबजींना नेमले होते सरकारने आणि खटला भरला होता तोही सरकारनेच. टिळकांचा राजकीय मार्गही त्यांचा नव्हता. पण त्यांनी एवढेच पाहिले, की हा माणूस पळून जाईल काय? तो पळणार नव्हता. आपली बाजू मांडण्यासाठी त्याला कागदपत्रे जमवायची होती, वकिलांना भेटायचे होते. महिनाभर कोठडीत ठेवून शेवटी तो निर्दोष ठरला, तर ते दिवस त्याला कोण परत देणार? ४ ऑगस्टला तय्यबजींनी जामीन मंजूर केला.

सप्टेंबरमध्ये टिळक कोर्टात हजर झाले. खटला दुसऱ्या न्यायाधीशापुढे चालला. ज्युरीतील सहा युरोपियनांनी त्यांना दोषी ठरवले, तिघा भारतीयांनी निर्दोष. टिळकांना दीड वर्षाची सक्तमजुरी झाली.

तय्यबजींनी १९०२ साली काही काळ मुख्य न्यायाधीशाचे काम पाहिले. १९ ऑगस्ट १९०६ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले.

१९०८ साली टिळकांवर पुन्हा राजद्रोहाचा खटला झाला. या वेळी न्यायाधीशाच्या खुर्चीवर होते तेच दावर, ज्यांनी अकरा वर्षांपूर्वी टिळकांसाठी जामीन मागितला होता. त्यांनी टिळकांचा जामीन नाकारला.