उदगीर आणि पानिपत : सदाशिवरावभाऊंचे सेनापतित्व

चिमाजी अप्पांचे पुत्र सदाशिवरावभाऊ यांचा जन्म १७३० सालचा. १९५६ पर्यंत आपल्या बीदर जिल्ह्यात असलेल्या उदगीरच्या परिसरात त्यांनी १७६० च्या फेब्रुवारीत निजामाच्या फौजेची धारूरकडील वाट अडविली आणि इब्राहिमखान गारद्याच्या तोफखान्याच्या बळावर तिला नमविले. तहात सुमारे साठ लक्षांचा मुलूख मिळाला. त्याच वर्षी ऑक्टोबरात, कुंजपुरा जिंकून भाऊ उत्तरेत असतानाच अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडून त्यांची दिल्लीची वाट तोडली. उपासमारीने खंगलेली फौज १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर शर्थीने लढली. भाऊ रणांगणी पडले. समरांगणावरील व्यूहात ते निपुण होते. परंतु रसद, मित्र आणि परतीची वाट राखणारी दूरदृष्टीची युद्धनीती त्यांना उत्तरेत साधली नाही. उदगीरास त्यांनी जे शत्रूचे केले, तेच पानिपतावर शत्रूने त्यांचे केले.