डिक्शनरी लिहिणारा ड्रॉपआउट

रिझल्ट लागला की कॉलेजच्या कट्ट्यावर मराठीपेक्षा इंग्रजीच जास्त ऐकू येतं. कुणाला केटी लागलेली असते, कुणाचं इयर डाऊन, कुणी ड्रॉप घ्यायच्या विचारात, तर कुणी एंट्रन्स ‘क्रॅक’ केलेली. आपला वाटणारा ‘नापास’ हा शब्दसुद्धा अर्धा इंग्रजीच! ‘पास’च्या आधी एक ‘ना’ लावला की झालं. यशापयशाचे इतके इंग्रजी शब्द आपण सर्रास वापरतो, पण त्यातला एक जरा जपूनच वापरायला हवा. तो शब्द म्हणजे ‘फेल्युअर’. का, ते समजून घ्यायचं तर सॅम्युअल जॉन्सनची गोष्ट ऐकायला हवी. या माणसाचं निम्म्याहून जास्त आयुष्य अपयशात गेलं आणि याच शब्दांचे अर्थ इंग्रजांना लिहून देण्याचं कामही त्यानेच केलं.

तेरा महिन्यांचं कॉलेज

जॉन्सनचा जन्म १७०९ सालचा, इंग्लंडमधल्या लिचफिल्ड गावातला. वडिलांचं पुस्तकांचं दुकान होतं, पण धंदा यथातथाच. लहानपणी त्याला गंडमाळेचा आजार झाला. त्यात एका डोळ्याची नजर जवळपास गेली, ऐकू कमी येऊ लागलं आणि मानेवर कायमचे व्रण राहिले. राजाने किंवा राणीने हात लावला की हा आजार बरा होतो, अशी त्या काळी समजूत होती. म्हणून आईने अडीच वर्षांच्या पोराला लंडनला अ‍ॅन राणीपुढे नेलं. आजार काही बरा झाला नाही. तिथे मिळालेलं सोन्याचं पदक मात्र त्याच्या गळ्यात कायम राहिलं.

पोरगा हुशार. दुकानातली पुस्तकं वाचून वाचून त्याने इतकं काही डोक्यात साठवलं होतं की १७२८ मध्ये ऑक्सफर्डच्या पेम्ब्रोक कॉलेजात गेला, तेव्हा तिथले प्राध्यापकही चकित झाले. पण फीला पैसे नव्हते. बुटातून बोटं बाहेर यायची. ते पाहून कुणीतरी गुपचूप त्याच्या खोलीच्या दाराशी नवे बूट ठेवले. त्याने ते उचलून फेकून दिले. दया त्याला सहन व्हायची नाही. शेवटी तेरा महिन्यांनी, डिग्री न घेताच, त्याला घरी परतावं लागलं.

आजच्या भाषेत हा ‘ड्रॉपआउट’. इथे एक गंमत लक्षात ठेवा. कॉलेज सोडण्याची क्रिया सांगायची असेल तर ‘ड्रॉप आउट’ हे दोन सुटे शब्द, आणि सोडणाऱ्या माणसाला म्हणायचं असेल तर ‘ड्रॉपआउट’ हा एकच जोडशब्द. लिहिताना अंतर एका स्पेसचं. पण पहिल्यात माणसाने काय केलं हे कळतं, दुसऱ्यात त्याच्यावर शिक्काच बसतो. हे अंतर डोक्यात असू द्या, पुढे ते कामाला येणार आहे.

घरी आल्यावर जॉन्सनला नैराश्याने घेरलं. आपलं डोकं फिरणार, अशी भीती त्याला सतत वाटायची. मन थाऱ्यावर यावं म्हणून तो बर्मिंगहॅमपर्यंत चालत जायचा आणि चालतच परत यायचा. १७३१ मध्ये वडील गेले. वडील उटॉक्सिटर गावच्या बाजारात पुस्तकांचा ठेला लावायचे. एकदा त्यांनी सोबत यायला सांगितलं, तेव्हा ताठ्यापायी जॉन्सनने नकार दिला होता. ती बोच त्याच्या मनात घर करून राहिली.

शाळाही बुडाली

मग मास्तरकी करून पाहिली. एका शाळेतली नोकरी असह्य होऊन सोडली. नंतर एके ठिकाणी डिग्री नाही म्हणून नकार आला. दुसऱ्या ठिकाणी नकाराचं कारण होतं त्याचं हातवारे करणं आणि चेहरा वेडावाकडा होणं. पोरं घाबरतील, असं त्या लोकांना वाटलं. या हालचाली त्याच्या ताब्यात नव्हत्या. तो टुरेट सिंड्रोम असावा, असं आज बरेच डॉक्टर मानतात. तेव्हा त्याला नावही नव्हतं.

१७३५ मध्ये त्याने एलिझाबेथ पोर्टर या विधवेशी लग्न केलं. ती त्याच्याहून वीस-एक वर्षांनी मोठी. तिच्या पैशांतून त्याने एडियल इथे स्वतःची शाळा काढली. विद्यार्थी किती? जेमतेम मूठभर. त्यातला एक डेव्हिड गॅरिक, जो पुढे इंग्लंडचा सर्वांत गाजलेला नट झाला. शाळा मात्र दोन वर्षांच्या आतच बंद पडली आणि बायकोचे बरेचसे पैसे बुडाले. धंदा असा बुडाला की इंग्रजीत ‘गो अंडर’ म्हणतात. आपल्यासारखंच तेही पाण्याखालीच जातात! ठरलेला बेत मध्येच फिसकटला तर ‘फॉल थ्रू’. आणि एवढं करून हाती काहीच लागलं नाही, तर ‘कम टू नथिंग’.

मार्च १७३७ मध्ये हा बुडालेला मास्तर आणि त्याचा विद्यार्थी दोघे मिळून लंडनला निघाले. जॉन्सनच्या सामानात एक अर्धवट लिहिलेलं नाटक होतं.

लंडनमध्ये तो ‘जेंटलमन्स मॅगझिन’साठी मिळेल ते लिहू लागला. कविता, चरित्रं, भाषांतरं, पार्लमेंटमधल्या चर्चांचे वृत्तांत, बरंचसं नाव न छापता. महिन्याची दोन टोकं जुळवणं, म्हणजेच ‘मेक एंड्स मीट’, हेच आयुष्य. रिचर्ड सॅव्हेज नावाच्या कवीमित्राबरोबर त्याने कित्येक रात्री रस्त्यांवर फिरत काढल्या, कारण मुक्कामाला द्यायला पैसे नसायचे. ते नाटक, ‘आयरीन’, बारा वर्षांनी १७४९ मध्ये गॅरिकनेच ड्रुरी लेन थिएटरात आणलं. नऊ प्रयोग झाले, पैसेही बऱ्यापैकी मिळाले, पण नाटक कुणाला भिडलं नाही. याला म्हणायचं ‘फॉल फ्लॅट’. विनोद सांगावा आणि कुणीच हसू नये, तेव्हाही हाच शब्द. जॉन्सनने पुन्हा नाटक लिहिलं नाही.

तीन वर्षांचं काम, लागली नऊ

१७४६ मध्ये लंडनच्या काही पुस्तक विक्रेत्यांनी मिळून त्याला इंग्रजी भाषेचा मोठा कोश करायला दिला. मोबदला पंधराशे गिनी, मुदत तीन वर्षं. फ्रान्समध्ये हेच काम अकादमीच्या चाळीस सदस्यांकडे होतं. अकादमी स्थापन झाली १६३५ मध्ये आणि कोश आला १६९४ मध्ये! जॉन्सनकडे होते सहा मदतनीस आणि गॉफ स्क्वेअरमधल्या घराचा पोटमाळा. झेपणार नाही एवढं अंगावर घेणाऱ्यांसाठी इंग्रजीत चावता येणार नाही एवढा मोठा घास तोडण्याची उपमा आहे. ती या माणसाला फिट्ट बसत होती.

पद्धत अशी. तो पुस्तकं वाचायचा, शब्दाखाली पेन्सिलने रेघ ओढायचा आणि वाक्य कुठून कुठपर्यंत घ्यायचं त्याची खूण करायचा. मदतनीस ती वाक्यं उतरवून घ्यायचे. लोकांकडून मागून आणलेली पुस्तकं रेघोट्यांनी भरून परत जायची! आधी वह्यांमध्ये ठरावीक जागा सोडून मजकूर भरायला घेतला. पण शब्दांचे अर्थ वाढत गेले, जागा पुरेना. १७५० च्या सुमारास ती पद्धत सोडून नव्याने मांडणी करावी लागली. याला ‘सेटबॅक’ म्हणतात. काम मागे ढकललं गेलं, संपलं नाही. ‘फेल्युअर’ आणि ‘सेटबॅक’ यांत हाच फरक.

तीन वर्षांची मुदत कधीच टळून गेली. ज्या लॉर्ड चेस्टरफिल्डला आश्रयदाता मानून योजना सादर केली होती, त्याने दहा पौंड हातावर ठेवले आणि विषय विसरला. १७५२ मध्ये बायको गेली. कोश जवळजवळ पूर्ण झाल्यावर लॉर्डसाहेबांनी वर्तमानपत्रात कौतुकाचे लेख लिहिले, तेव्हा जॉन्सनने त्यांना पत्र धाडून शांतपणे सुनावलं की गरज होती तेव्हा मदत आली नाही, आता ती नको. कुणी दाराशी ठेवलेले बूट फेकणारा मुलगा अजून तोच होता!

१५ एप्रिल १७५५ रोजी कोश आला. दोन भलेमोठे खंड, ४२ हजारांहून अधिक शब्द, एक लाखाहून अधिक उदाहरणं. अवघड गोष्ट जमवून दाखवली की इंग्रजीत ‘पुल इट ऑफ’ म्हणतात, ते हे. ज्या ऑक्सफर्डमधून तो डिग्रीशिवाय परतला होता, त्याच ऑक्सफर्डने त्याला एमए दिली, अगदी वेळेवर, म्हणजे पुस्तकाच्या पहिल्या पानावर छापता येईल अशी!

कोशात काय लिहिलंय?

आता मूळ मुद्दा. या कोशात ‘सक्सेस’ शब्द काढला तर पहिलाच अर्थ दिसतो तो असा की कुठल्याही गोष्टीचा शेवट, मग तो सुखाचा असो वा दुःखाचा. पुढे जॉन्सन सांगतो की मागे विशेषण नसेल तर लोक हल्ली तो चांगल्या अर्थानेच घेतात. हा शब्द आला लॅटिनमधून, मागोमाग येणं या अर्थाच्या क्रियापदावरून. म्हणून तर गादीवर पुढे बसणारा तो ‘सक्सेसर’. म्हणजे सक्सेस हे मुळात बक्षीस नव्हतंच. केल्यानंतर जे पुढ्यात येतं ते.

आणि ‘फेल्युअर’? त्याखाली उणीव, राहून गेलेलं काम, छोटीशी चूक असे अर्थ आहेत. माणूस कुठेच नाही! फेल्युअर म्हणजे अपयशी व्यक्ती हा अर्थ इंग्रजीत रुळला तो पुढच्या शतकात, विशेषतः अमेरिकेत धंद्यात दिवाळं निघालेल्या लोकांबद्दल बोलताना. आधी धंदा फेल व्हायचा, मग माणसालाच ते नाव पडलं. व्याकरणात बदल केवढा? मागे एक ‘अ’ लागला, इतकाच. ‘फेल्युअर’ ही घटना, ‘अ फेल्युअर’ हा शिक्का.

त्या डिक्शनरीने जॉन्सनला अमाप नाव मिळवून दिलं, पैसे नव्हे. वर्षाच्या आत, १७५६ मध्ये, सहा पौंडांहूनही कमी कर्जापायी त्याला अटक झाली आणि कादंबरीकार सॅम्युअल रिचर्डसनने पैसे पाठवून सोडवलं. कोशात चुकाही निघाल्या. घोड्याच्या पायाच्या एका भागाचा अर्थ त्याने चक्क गुडघा असा दिला होता. एका बाईंनी कारण विचारलं, तेव्हा त्याने सारवासारव न करता सांगून टाकलं की निव्वळ अज्ञानामुळे. सगळ्यांत मोठी कबुली तर प्रस्तावनेतच आहे. इंग्रजी भाषा कायमची पक्की करून टाकू, या उमेदीने त्याने काम घेतलं होतं. ते होणं शक्य नाही, भाषा बदलतच राहणार, हे त्याने स्वतःच लिहून ठेवलं.

१७६२ मध्ये राजाकडून वर्षाला ३०० पौंडांचं पेन्शन सुरू झालं, तेव्हा कुठे तो निर्धास्त झाला. तोवर वय ५२. म्हातारपणी एकदा तो उटॉक्सिटरला गेला आणि वडिलांचा ठेला लागायचा त्या जागी भर पावसात, डोकं उघडं ठेवून उभा राहिला. एवढं नाव झाल्यावरही ते राहून गेलेलं काम तो विसरला नव्हता. त्याच्याच कोशातल्या अर्थाने फेल्युअर होतं ते! १७८४ मध्ये तो गेला आणि वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेत त्याला जागा मिळाली.

तर, पुढच्या वेळी इंग्रजीत रिझल्ट सांगताना दोन-तीन गोष्टी ध्यानात ठेवा. आपण ‘आय फेल्ड इन मॅथ्स’ म्हणतो. तिकडे ‘इन’शिवायच, ‘आय फेल्ड मॅथ्स’ असं म्हणतात. ‘सक्सीड’च्या पुढे ‘टू’ येत नाही, ‘सक्सीड इन’ आणि मग ‘इंग’वालं क्रियापद. आणि ‘आय फेल्ड’ बिनधास्त म्हणा, ते खरं असतं आणि त्याला तारीख असते. पण ‘आय अ‍ॅम अ फेल्युअर’ म्हणायची वेळ आली, तर तो ‘अ’ खोडून टाका. मराठीत आपण ते आपसूकच करतो. आपण ‘नापास झालो’ म्हणतो. झालो, म्हणजे परीक्षेला पुन्हा बसता येतं.